माझ्यावर बसून वाढवलेलं वय

सकाळचे दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. बुधवार, सोळा ऑक्टोबर दोन हजार तेरा. दसरा होऊन तीन दिवस झालेले. त्या मिनिटाला एका आईनं माझ्यावर बसून आपल्या पोरीचं वय दीड वर्षानं वाढवून सांगितलं. मी ऐकलं आणि गप्प राहिलं.

मी बाकडं बोलतंय. बाभळीचं. कर्जत तालुक्यात जांभूळफाट्यावर सिस्टरची शाळा आहे, मुलींची, तिथलं. आता जिल्ह्याचं नाव बदललं, शाळेच्या पाटीवरची अक्षरं बदलली, माझी जागासुद्धा बदलली. पण लोक अजून सिस्टरची शाळाच म्हणतात, आणि मी अजून बाकडंच आहे.

मला बन्सी सुतारानं केलं. साल छप्पन. शाळेची विहीर खणायची म्हणून एक जुनी बाभूळ तोडली होती, तिच्याच फळ्या. काम संपलं तेव्हा बन्सी दंड चोळत म्हणाला, "सिस्टरबाई, रंधा मारून मारून हात गेला माझा. पर एक सांगतो, तुमची शाळा पडंल, हे बाकडं न्हाई पडायचं."

"असं बोलू नको रे बाबा," सिस्टर अर्सुला म्हणाल्या, "शाळा आजच उघडली आहे."

सिस्टर अर्सुला आणि एक तरुण सिस्टर बैलगाडीतून आल्या होत्या. पांढरे झगे, काळे बूट, एक घंटा, एक औषधाची पेटी. गावात लगेच बोलवा झाली, पोरी बाटवायला आल्यात म्हणून. पहिल्या वर्षी पाच पोरी आल्या. दुसऱ्या वर्षी अकरा.

मला ऑफिसच्या व्हरांड्यात ठेवलं होतं, पोरींच्या आयांना बसायला. पण आया माझ्यावर बसायच्याच नाहीत. खाली फरशीवर, मला पाठ लावून बसायच्या. खुर्चीवर, बाकड्यावर बसायचं ते मोठ्या माणसांनी, आपण नाही, असं त्यांच्या अंगात भिनलेलं. सिस्टर अर्सुलांनी दोन दिवस सांगून बघितलं. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच खाली बसल्या, धुळीत. म्हणाल्या, "तुम्ही वर बसेपर्यंत मीपण इथंच." शेवटी एक म्हातारी उठली. "उठा गं बायांनो, त्या बाईचा पांढरा झगा मळाया लागलाय, धुयाचं पाणी काय तुमचा बाप आणनार?" तेव्हा कुठं बायका माझ्यावर टेकल्या. त्या पण कडेला, अर्ध्या.

बायका अजून तशाच बसतात. सत्तर वर्षं झाली. बाप आला तर पाय पसरून बसतो, पाठ टेकतो, फोनवर बोलतो. आई कडेला बसते आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळते. तिच्या वजनावरून मला कळतं ती किती घाबरलीय.

बहात्तरच्या दुष्काळात इथं मोठ्या कढईत सुकडी शिजायची. बोर्डिंगमध्ये साठ पोरींच्या जागी एकशे दहा झोपायच्या, दोन माझ्यावर. त्याच सुमारास आमच्या भागातली माणसं कोयता घेऊन उसाला जायला लागली. दसरा झाला की निघायचं, उन्हाळ्यात परत यायचं. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता धरतात. पोरं बरोबर न्यायची, नाहीतर म्हाताऱ्यांजवळ ठेवायची. पोरी मोठ्या व्हायला लागल्या की फडात नेणं अवघड, आणि घरी ठेवणं त्याहून अवघड. मग सिस्टरकडं.

त्यामुळे दसऱ्यानंतरचे आठ दिवस मला दम नसायचा. रोज पाच-पाच, सात-सात आया. पत्र्याच्या पेट्या, गोधड्या, डब्यात बांधलेल्या भाकऱ्या, आणि मध्ये बिथरलेल्या पोरी.

बोर्डिंगचा एक नियम होता. सहा वर्षं पूर्ण पाहिजेत. लहान पोरी आजारी पडतात, आईसाठी रडून रडून जेवत नाहीत, म्हणून. पण वय ठरवायचं कशावरून? उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पानांच्या झोपडीत जन्मलेल्या पोरीला कुठला कागद? तेव्हा सिस्टर जुनी रीत करायच्या. उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला लावायच्या. कान हातात आला की पोरगी सहाची. आणि तारीख? तारीख एक जून. आमच्या शाळेच्या रजिस्टरात बघा, निम्म्या तालुक्याच्या पोरी एकाच दिवशी जन्मल्यात.

तर त्या बुधवारी गोजर आली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. बरोबर नवरा कल्याण, आणि पोरगी पंकजा. कल्याण व्हरांड्यात आलाच नाही. फाट्यावर तोडणीचा ट्रॅक्टर उभा होता, त्यावर त्यांचा संसार चढलेला, ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता. कल्याण फाटकातून ओरडला, "आवर लवकर! समदे खोळंबल्यात."

गोजर माझ्या कडेला टेकली. पंकजाला मांडीवर घेतलं. शेजारी भागूबाई बसलेली, तिची तिसरी पोरगी घेऊन. ती जुनी, तिला सगळं माहीत.

"केवढी हाय गं?" भागूबाईनं विचारलं.

"संक्रांतीला चार झाली. फडातच झाली, सकाळी मोळ्या बांधल्या आन् दुपारी ही."

"मग कशाला आणली? घ्यायच्या न्हाईत. सहा लागत्यात."

गोजरचा चेहरा उतरला. "मावशी, सासूबाई गेल्या औंदा. ठेवू कुनापाशी? मागच्या साली आमच्या टोळीतलं एक पोरगं पाचटावर झोपलेलं. अंदार पडलेला. ट्रॉली मागं आली..."  पंकजाचे पाय तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरले होते.

भागूबाई जवळ सरकली. मग म्हणाली, "असं कर. सहा सांग. सातवं लागलं म्हन. तारीख विचारली तर एक जून म्हनायचं. साल सात."

"खोटं सांगू?"

"खोटं कसलं त्यात? वय काय कुनी खातंय व्हय! पोरगी आत गेली म्हंजी झालं. माझ्या दोघींचं असंच हाय. कान तेवढा धरता आला पायजे."

मग माझ्यावर बसून त्या दोघींनी पंकजाला कान धरायला शिकवलं. हात डोक्यावरून घेतला तर कानाच्या वर चार बोटं थांबायचा. भागूबाई हसत म्हणाली, "मान वाकडी कर गं बये. आशी. आनखी. देवळातल्या घंटीवानी लोंबू नको, हळूच वाकव." पंकजाला गंमत वाटली. तिनं मान पार खांद्यावर टेकवली आणि कानाचं टोक पकडून ओरडली, "सापडला!"

सिस्टर रेमेडिया बाहेर आल्या. गोव्याच्या, मराठी तशी चांगली, पण शब्द मोजून बोलायच्या. त्यांनी विचारलं आणि गोजरनं सांगितलं. तेव्हाच घड्याळात दहा वीस झाले होते.

"सहा झाली? दात पडला का एखादा?"

"पडंल की आता, सिस्टर."

"कान धर बघू, बाळा."

पंकजानं मान वाकडी करून कान धरला. सिस्टरनी तिच्याकडं बघितलं. मग गोजरकडं. बाहेर हॉर्न वाजला. मला ठाऊक आहे, सिस्टरना त्याच क्षणी सगळं कळलं. नाही म्हणाव्या तर पोरगी ट्रॅक्टरवर चढणार. त्यांनी पंकजाची मान हातानं सरळ केली, आत गेल्या, आणि लिहून आल्या. एक जून दोन हजार सात.

त्या दिवशी त्या व्हरांड्यात वाईट माणूस एकपण नव्हतं. हेच मला अजून टोचतं. कुणाला शिव्या द्यायच्या?

गोजर जाताना मागं बघत नव्हती. फाटकापर्यंत गेली, परत आली, पोरीच्या फ्रॉकचं एक बटण लावलं, आणि पळत गेली.

पंकजा वर्गात सगळ्यांत बुटकी. प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली. पहिले दोन महिने अंथरूण ओलं करायची. सिस्टर रेमेडिया पहाटेच ती गोधडी धुवून मागच्या तारेवर टाकायच्या, बाकीच्या पोरींना दिसू नये म्हणून. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटीचा दिवस असायचा. ज्यांची माणसं जवळ, ती यायची. पंकजाची उन्हाळ्याशिवाय कुठून यायची? तरी ती तेल लावून, वेणी घालून माझ्यावर येऊन बसायची. कुणाची आई खाऊ आणायची, त्यातला लाडू मिळायचा. दुपारी माझ्यावरच झोपून जायची. माझ्या फळीला तिच्या केसांच्या तेलाचा डाग आहे, पुसून गेला नाही.

पण पोरगी हुशार. दुसरीपासून पहिल्या तिघींत. दीड वर्ष लहान असून मोठ्या पोरींना पाढे म्हणून दाखवायची. उन्हाळ्यात गोजर न्यायला आली की सिस्टर म्हणायच्या, "हिला नर्स करू आपण." गोजर म्हणायची, "करा सिस्टर, तुमचीच हाय." आणि कडेला बसलेली गोजर त्या दिवशी जरा सरकून नीट बसायची.

मग शाळा बदलली. पुढं दुमजली इमारत झाली, इंग्लिश मीडियम. चारचाकीतून पोरी यायला लागल्या. पुढच्या व्हरांड्यात सोफा आला, आणि मला उचलून मागं, बोर्डिंगच्या ओट्यावर टाकलं. सुनील वॉचमनला सांगून ठेवलं होतं. गावाकडचं माणूस आलं, पायाला माती असली, की तो हात करून म्हणायचा, "मागं, मागं. मागच्या बाकड्यावर बसा." एवढीच माझी ओळख उरली. मागचं बाकडं. ज्यांच्यासाठी शाळा उघडली त्यांनी आता मागच्या दारानं यायचं. सिस्टर अर्सुला असत्या तर कुठं बसल्या असत्या, मी विचार करतं कधी कधी.

बोर्डिंगमधल्या पोरी ऐंशीच्या चाळीस झाल्या, चाळीसच्या एकोणीस. मराठीचे वर्ग एकेक करून बंद. पंकजा दहावी झाली, चांगल्या मार्कांनी. पुढं कर्जतला कॉलेज, राहायला मात्र इथंच. सिस्टर रेमेडियांनी तेवढं वरच्यांशी भांडून करून घेतलं. दोन हजार पंचवीसच्या मे महिन्यात बारावीचा निकाल लागला, पंकजा पास झाली, आणि त्याच आठवड्यात नोटीस लागली. एकतीस मे पासून बोर्डिंग बंद.

दोन जूनला, सोमवारी, गोजर आणि कल्याण आले. पेटी न्यायला आणि शाळेचा दाखला घ्यायला. पंकजाचं लग्न ठरलं होतं, बुधवारी. पोरगा टोळीतलाच, ओंकार नावाचा. त्याला कोयत्याला जोडीदार पाहिजे होती. बायको असली की टोळीचा मुकादम पूर्ण कोयता धरतो, पूर्ण उचल देतो, एकट्याला अर्धी.

पंकजा पेटीवर बसून राहिली होती. उठेना. तिनं आदल्या दिवशीच सिस्टरना सगळं सांगितलं होतं, आणि सिस्टरनी ग्रामसेवकाला बोलावलं होतं. बालविवाह थांबवायचं काम त्याच्याकडं असतं. रंगनाथ भाऊसाहेब मोटरसायकलवरून आले. घामाघूम झालेले.

"ही पोरगी सोळाची आहे," सिस्टर म्हणाल्या. "लग्न थांबवा."

भाऊसाहेबांनी दाखला बघितला. उलटून बघितला. "सिस्टर, एक जून दोन हजार सात. कालच अठरा पूर्ण झाली."

"ती तारीख खरी नाही."

"तुमच्याच शाळेचा दाखला हाय की. शिक्का तुमचा, सही तुमची. खरी नव्हती तर लिहिली कशाला?"

सिस्टर रेमेडिया दाखला हातात घेऊन आपलीच सही बघत राहिल्या. साठी उलटलेली बाई, बोटात जपमाळ. मी त्यांना एवढं लहान झालेलं कधी बघितलं नव्हतं.

तेव्हा गोजर माझ्यावरून उठली. कल्याण तिच्याकडं बघत होता, तरी उठली.

"भाऊसाहेब, मी खोटं सांगितलं हुतं. मीच. आत घ्यावी म्हनून वाढवून सांगितलं. संक्रांतीला फडात झाली, साल नऊ. सोळाच पुरी झाल्यात."

"गोजर!" कल्याण म्हणाला. "डोकं फिरलं का? आपनच ठरवलं ना समदं?"

"व्हय, ठरवलं. बोर्डिंग बंद, पोरगी ठेवू कुठं म्हनून ठरवलं. पर खरं ते खरं हाय."

"ताई, कागद आणा," भाऊसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज वाईट नव्हता. "जन्माची नोंद, दवाखान्याचा कागद, कायतरी. शाळेचा दाखला असताना नुसत्या तोंडी बोलण्यावर मी लग्न थांबवलं तर उद्या मलाच विचारतील."

"कोपीत झाली हो. कागद कुठनं आनू?"

 मग भाऊसाहेबांनी पंकजाला जवळ बोलावलं. "हे बघ बाळ, कागदावर तू सज्ञान हायस. तुझ्या मर्जीशिवाय कुनी तुझं लग्न लावू शकत न्हाई. तू फक्त न्हाई म्हन. आत्ताच्या आत्ता थांबवतो."

आता बघा. ती कागदावर सोळाची असती तर सरकारनं तिच्या वतीनं नाही म्हटलं असतं. बाप सरकारवर चिडला असता, पोरीवर नाही. पण कागदानं तिला अठराची केली होती. आता ते 'नाही' तिनं स्वतः म्हणायचं होतं, बापाच्या तोंडावर, चार माणसांत. सोळा वर्षांच्या पोरीनं.

कल्याण ओरडला असता तरी बरं झालं असतं. तो ओरडला नाही. माझ्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "पंके, फडात तुला एकटीला कोपीत ठेवून आमी दोघं पहाटं तोडाया जातो. माघारी येस्तवर माझा जीव थाऱ्यावर नसंल. दुसरं काय करू, तूच सांग. तू सांगशील तसं करतो."

पंकजा वळली. सिस्टरकडं बघितलं. सिस्टर तरी काय सांगणार? ठेवून घ्यायला त्यांच्याकडं खोली उरली नव्हती, त्यांची स्वतःची बदली झाली होती. मग पंकजानं आईकडं बघितलं.

"जाते," ती म्हणाली.

"मर्जीनं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"व्हय."

त्यांनी लिहून घेतलं. तिनं सही केली, सिस्टरनी शिकवलेल्या वळणदार अक्षरात. गोजर खाली बसली. माझ्यावर नाही, फरशीवर.

चार जूनला लग्न झालं. सिस्टर रेमेडिया महिनाभरात गेल्या, कुठल्याशा म्हाताऱ्या सिस्टरांच्या आश्रमात. बोर्डिंगच्या हॉलमध्ये आता आरसे लावलेत, इंग्लिश मीडियमच्या पोरी डान्स शिकतात. माझा एक पाय सडलाय. सुनील माझ्यावर कुंड्या ठेवतो. पाणी घातलं की खाली झिरपतं, फळी फुगते. आता थंडी सरत आली, पुढच्या थंडीत अंगणातल्या शेकोटीला लाकूड लागेल, तेव्हा माझा नंबर. त्याचं मला काही नाही. मी ऐकत बसण्याशिवाय कुणाच्या कामाला आलं नाही. भागूबाई म्हणाली होती, वय काय कुणी खातं का. खातं. मी बघितलंय.

दिवाळीनंतर गोजर एकदा आली होती, औंदा टोळी उशिरा निघाली म्हणून. बोर्डिंगच्या बंद दारापाशी उभी राहिली. सुनील म्हणाला, "काय मावशी, आता कुनाला आनलं?" ती म्हणाली, "कुनाला न्हाई. आसंच." मग जाता जाता सांगितलं, पंकजाला दिवस गेलेत. नवऱ्याबरोबर पहिल्या ट्रॅक्टरनं पुढंच गेलीय, सांगलीकडं. कारखान्याचा पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या आत बाळंत होईल. म्हणजे फडातच.

मला पाय आहेत, पण चालता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतंय. तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जात असेल, ऊसतोडीच्या कोप्या दिसल्या, तर थांबा. पंकजा नावाची बुटकी पोरगी विचारा. ती सापडली नाही तरी हरकत नाही, जी पोटुशी बाई मोळी बांधताना दिसेल तिला सांगा. बाळ कोपीत झालं तरी एकवीस दिवसांच्या आत तिथल्याच ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करायची. पैसे पडत नाहीत. मुकादम म्हणेल, नंतर बघू. ऐकायचं नाही. खरी तारीख लिहून घ्यायची आणि कागद पेटीच्या तळाला ठेवायचा.

आणि पोरगी झाली तर तिला कुठं आत घ्यावं म्हणून एका दिवसानंसुद्धा मोठी करू नका म्हणावं. तिनं पुढच्या बाईला सांगावं, त्या बाईनं तिच्या पुढच्या.